तांबे आणि त्याची सोबत : एका रासायनिक कर्त्याचा इतिहास

१

इतिहासाच्या वाक्यात कर्ता कोणाला करायचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. एखाद्या कालखंडाचे श्रेय एका लेखकाच्या नावावर मांडावे, की त्या नावाभोवतीच्या मंडळींना, नियतकालिकांना आणि वाचकांना त्यात वाटा द्यावा, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झालेले आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न एका वेगळ्या क्षेत्रात नेऊन विचारणार आहोत. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील बंध तुटून हायड्रोजनच्या जागी दुसरे काही जोडले जावे, यासाठी तांबे हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात. ही अदलाबदल कोठे व्हावी, किती व्हावी आणि कोणत्या बाजूने व्हावी, हे मात्र बऱ्याच वेळा तांब्याला धरून राहिलेले रेणू ठरवतात. रसायनशास्त्रात त्यांना ‘लिगँड’ म्हणतात. सुमारे दीडशे वर्षांच्या या कथेत लिगँडला कर्तेपण फार उशिरा मिळाले. ते उशिरा का मिळाले आणि मिळाल्यावर काय बदलले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय आम्ही पालघर जिल्ह्यातून पाहतो, त्याला कारण आहे. मासवण हे पालघर तालुक्यातील सूर्या नदीच्या काठचे गाव. वसई-विरारकडे जाणारे सूर्येचे पाणी येथून उचलले जाते. याच नदीच्या पाण्यावर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहतही चालते. तेथे कापड आणि पोलाद यांच्या जोडीने रंगांची मध्यस्थ रसायने, औषधांची मूलद्रव्ये आणि कीटकनाशके तयार होतात. नदीतून आलेले गोडे पाणी कारखान्यांतून फिरून पश्चिमेला खाडीकडे आणि समुद्राकडे जाते. जे रेणू हवे होते ते पिंपांत भरून विक्रीला जातात; जे नको असताना तयार झाले ते पाण्यात, गाळात किंवा हवेत उरतात. नको असलेले रेणू किती निपजतील, हे पुष्कळ अंशी रासायनिक ‘निवडकते’वर अवलंबून असते. म्हणून निवडकतेच्या इतिहासाशी मासवणच्या पाण्याचा आणि सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावरील मासळीचा संबंध पोहोचतो.

२

प्रथम अडचण कोणती ते स्पष्ट केले पाहिजे. कार्बन-हायड्रोजन बंध जगात जागोजाग आहेत. रॉकेलमध्ये, कापरात, साखरेत, तुपात आणि जवळजवळ प्रत्येक औषधात ते आहेत. एकाच रेणूत असे दहा-वीस बंध असणे सामान्य गोष्ट आहे, आणि ते एकमेकांसारखेच असतात. चाळीतील एकसारख्या दारांपैकी नेमक्या एकाच दारावर थाप मारायची आणि शेजारच्या बिऱ्हाडाला जागही येऊ द्यायची नाही, असा हा प्रकार आहे. शिवाय हे बंध मजबूत असतात. ते तोडण्याइतका जहाल पदार्थ आणला, तर तो कोणते दार हे पाहत नाही.

जुन्या रासायनिक उद्योगाने या अडचणीशी तडजोड केली. क्लोरोबेन्झीनच्या कड्यावर नायट्रो गट बसवण्याची प्रक्रिया घ्या. कड्यावरील एका हायड्रोजनची जागा नायट्रो गट घेतो. परंतु तो क्लोरीनच्या शेजारीही बसतो आणि समोरही बसतो. तयार मालात सुमारे एक तृतीयांश शेजारचा आणि दोन तृतीयांश समोरचा, असे मिश्रण मिळते. बाजाराला एकच हवा असेल, तर दुसऱ्याचे काय करायचे हा प्रश्न कारखानदारापुढे उरतो. त्याला गिऱ्हाईक मिळाले तर तो माल होतो, न मिळाले तर कचरा.

निवडकतेचे तीन प्रश्न येथे वेगळे करून ठेवणे सोयीचे होईल. पहिला प्रश्न ‘कोठे’ : अनेक बंधांपैकी कोणता? दुसरा ‘किती’ : एकदाच बदल घडवून थांबायचे, की पुढे पुढे जाऊन सगळ्याची राख करायची? तिसरा ‘कोणत्या हाताचा’ : कारण पुष्कळसे रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात, घटक तेच आणि क्रमही तोच, परंतु एक दुसऱ्याची आरशातील प्रतिमा. बाळंतशोपेच्या तेलातील कार्व्होन आणि स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यातील कार्व्होन हे असे दोन हात आहेत. आपल्या नाकाला त्यांचे वास निरनिराळे लागतात. औषधांच्या बाबतीत हा फरक वासापुरता राहत नाही.

आता लिगँडविषयी. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचूद सर्वांनी पाहिलेला असतो. त्याचा निळा खडा तापवला की त्यातील पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले की निळा रंग परत येतो. त्याच द्रावणात अमोनिया भरपूर ओतला की रंग गडद, शाईसारखा निळा होतो. तांबे तेच राहते; त्याला धरून असलेले रेणू मात्र बदलतात. पाण्याची जागा अमोनियाने घेतली, एवढेच घडलेले असते. धातूच्या अणूभोवती असे रेणू ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांनी बसतात, ही कल्पना आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘लिगँड’ हा शब्द त्यानंतरचा आहे. बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१६ मध्ये घडवला, आणि तोही तांब्यासाठी नव्हे, सिलिकॉनच्या संयुगांची चर्चा करताना.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही कल्पना व्याकरणातून सहज समजेल. ‘तांबे’ हे नाम एकच. परंतु तांब्याने, तांब्याला, तांब्यात असे विभक्तिप्रत्यय लागले की वाक्यातील त्याचे काम बदलते. प्रत्ययाला स्वतंत्र अर्थ जवळजवळ नसतो, आणि तरीही कोणी कोणाला काय केले हे तोच सांगतो. लिगँडचे काम बरेचसे असे आहे. साम्य येथपर्यंतच खरे मानावे. प्रत्यय नामाला चिकटून बसतो, तर लिगँड धातूला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि तो कधी स्वतःच जळून जातो. तो भाग पुढे येईल.

३

या कथेचा आरंभ १८६९ मध्ये धरता येतो. कार्ल ग्लासर यांनी फिनाइल ॲसिटिलीन या पदार्थाचे तांब्याबरोबर संयुग केले आणि ते अमोनियाच्या पाण्यात हवेच्या संपर्कात ठेवले. तेव्हा दोन रेणू टोकाला टोक लावून जोडले गेले. या टोकांवर कार्बन-हायड्रोजन बंध होते. ते गेले आणि कार्बन-कार्बन बंध आला. आडॉल्फ फॉन बायर यांनी १८८२ मध्ये निळीच्या एका संश्लेषणात हीच जोडणी वापरली. ज्या निळीच्या शेतीने बिहार-बंगालचे शेतकरी नाडले गेले, ती प्रयोगशाळेत करण्याच्या धडपडीत तांब्याचा असा हात लागलेला आहे.

ग्लासर यांच्या भांड्यात अमोनिया होता, म्हणजे लिगँड होता. परंतु व्हेर्नर यांचा सिद्धांत अजून चोवीस वर्षे दूर होता. त्यामुळे अमोनियाची नोंद ‘कशात विरघळवले’ या सदरात झाली. ‘कोणी केले’ या सदरात फक्त तांबे आले. कर्तेपण नाकारण्याची ही पहिली पायरी होती आणि तिच्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. भाषेत त्या गोष्टीसाठी जागाच नव्हती.

पुढचा टप्पा फ्रिट्झ उलमान यांचा. १९०१ पासून त्यांनी तांब्याच्या साहाय्याने बेन्झीनची कडी एकमेकांना जोडली, आणि १९०३ मध्ये कडे आणि नायट्रोजन यांची जोडणी दाखवली. इर्मा गोल्डबर्ग यांनी १९०६ मध्ये सिद्ध केले की यासाठी तांबे ढिगाने लागत नाही, थोडेसे उत्प्रेरक म्हणून पुरते. या अभिक्रियांमध्ये कार्बन-हायड्रोजन बंध तुटत नाही, कार्बन-हॅलोजन बंध तुटतो. कोठे जोडायचे हे अगोदरच हॅलोजन बसवून ठरवून ठेवलेले असते. म्हणजे ‘कोठे’ हा प्रश्न सुटला असे म्हणण्यापेक्षा तो एक पायरी मागे ढकलला, असे म्हणणे योग्य. तरीही हा टप्पा महत्त्वाचा आहे. कारण या अभिक्रियांना पुष्कळदा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागे, आणि जवळजवळ शतकभर रसायनशास्त्रज्ञांनी तो तांब्याचा स्वभावच मानला. उलमान म्हणजे कढत भट्टी, असे समीकरण झाले.

ते १९९८ नंतर मोडले. दावेई मा यांनी अमिनो आम्लांच्या सान्निध्यात या जोडण्या सौम्य तापमानाला होतात हे दाखवले. स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटाने २००१ मध्ये साध्या डायअमीन लिगँडांनी तेच अधिक व्यापक केले. पुढे २००७ मध्ये याच गटाने अमिनो अल्कोहोल घेऊन केलेला प्रयोग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. या रेणूला जोडणीसाठी दोन जागा असतात : एका टोकाला नायट्रोजन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. तांब्याला एका प्रकारचा डायकिटोन लिगँड दिला की जोडणी नायट्रोजनवर होते. फिनँथ्रोलीन जातीचा लिगँड दिला की ती ऑक्सिजनवर होते. धातू तोच आणि कच्चा मालही तोच. शंभर वर्षे जो तांब्याचा स्वभाव म्हणून सांगितला गेला, तो त्याच्या एकटेपणाचा स्वभाव होता, असे आता म्हणता येते.

कार्बन-हायड्रोजन बंधाच्या बाबतीत असाच धडा याआधीच, १९५९ मध्ये, मिळालेला होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे ॲलन हे (हे त्यांचे आडनाव) दोन बाजूंना मिथिल गट असलेल्या फिनॉलमधून तांबे आणि पिरिडीन यांच्या साहाय्याने ऑक्सिजन सोडत होते. या फिनॉलच्या कड्यावर ऑक्सिजनच्या अगदी समोर एक हायड्रोजन असतो. तो निघून गेल्यावर दोन मार्ग मोकळे होतात. एका रेणूचा ऑक्सिजन दुसऱ्याच्या त्या कार्बनला जोडला गेला, तर लांब साखळी तयार होते. समोरचे दोन कार्बन एकमेकांना जोडले गेले, तर डायफिनोक्विनोन नावाचा रंगीत पदार्थ तयार होतो आणि गोष्ट तेथेच संपते. पहिला मार्ग उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिककडे जातो. दुसरा त्या दृष्टीने वाया. तांब्याच्या प्रत्येक अणूमागे पिरिडीन भरपूर असेल तर पहिला मार्ग वरचढ ठरतो, कमी असेल तर दुसरा. लिगँड बदलण्याचीही गरज नाही. त्याचे प्रमाण बदलले तरी निवड बदलते. त्या प्लॅस्टिकचा पुढे मोठा उद्योग झाला. १९६२ मध्ये ॲलन हे यांनी ग्लासर यांच्या जुन्या अभिक्रियेलाही दोन नायट्रोजनांचा एक लिगँड देऊन ती उत्प्रेरकी केली. त्या सुधारित रूपाला त्यांचे नाव मिळाले.

४

‘कोणत्या हाताचा’ या प्रश्नाचा इतिहास खराश-सोस्नोव्स्की अभिक्रियेत उत्तम दिसतो. मॉरिस खराश हे मुक्त मूलकांच्या रसायनशास्त्राचे एक प्रमुख अभ्यासक. सोस्नोव्स्की यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध १९५८ मध्ये, खराश यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात द्विबंधाच्या शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन जाऊन तेथे बेन्झोएट गट बसतो. आधी एक ऑक्सिजनचा मूलक तो हायड्रोजन खेचून घेतो आणि मागे कार्बनचा मूलक उरतो. नंतर तांबे त्या मूलकाला धरून नव्या गटाशी त्याची गाठ घालून देते. ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर येथे बऱ्याच अंशी बंधाच्या दुबळेपणाने मिळते, कारण द्विबंधाशेजारचा बंध इतरांपेक्षा लवकर तुटतो. परंतु उजवा आणि डावा हात मात्र निम्मे-निम्मे तयार होत.

तांब्याला हात शिकवता येतो, याची पहिली चाहूल १९६६ मध्ये जपानमध्ये लागली. नोझाकी आणि नोयोरी यांच्या गटाने एका हाताचा लिगँड तांब्याला दिला आणि तीन कार्बनांचे कडे बनवणाऱ्या वेगळ्याच अभिक्रियेत एका हाताकडे किंचित झुकते माप मिळवले. ते माप इतके अल्प होते की त्यावर उद्योग उभा राहिला नसता. पण दिशा मिळाली. नोयोरी यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या आरंभाची आठवण पुन्हा निघाली.

खराश-सोस्नोव्स्की अभिक्रियेत बिसऑक्साझोलीन या लिगँडांनी हात निवडल्याचे निबंध १९९५ मध्ये आले. या लिगँडात पाच-पाच अणूंची दोन कडी असून प्रत्येकाचा एक नायट्रोजन तांब्याला धरतो. कड्यांवरचे गट अशा रीतीने उभे असतात की येणाऱ्या मूलकाला एक बाजू अडलेली आणि दुसरी मोकळी मिळते. पाच कार्बनांच्या सायक्लोपेंटीनवर मिळालेल्या उत्तम निष्कर्षांत शंभर रेणूंपैकी सुमारे नव्वद एकाच हाताचे होते. त्या वर्षीच्या दोन प्रमुख निबंधांपैकी एक प्फाल्ट्झ यांच्या गटाचा आणि दुसरा अँड्रस यांच्या गटाचा म्हणून उल्लेखिला जातो. मराठी वाचकाने मात्र लेखकांची यादी पाहावी. पहिल्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव गोखले आहे, दुसऱ्यात अँड्रस यांच्या पाठोपाठ अरगडे हे नाव आहे. उद्धरणांमध्ये ही नावे ‘आणि सहकारी’ या शब्दांत विरून जातात. अभिक्रियेला नाव खराश आणि सोस्नोव्स्की यांचे, पद्धतीला नाव गटप्रमुखाचे. ज्यांनी प्रत्यक्ष लिगँड घडवले आणि मोजमापे घेतली, त्यांची जागा तळटिपेत. लिगँडची गोष्ट आणि सहकाऱ्याची गोष्ट येथे एकाच पानावर आढळतात, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो.

यानंतरचा मोठा टप्पा २०१६ चा. गुओशेंग ल्यू आणि शॅनन स्टाल यांच्या गटांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात बेन्झीनच्या कड्याशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन काढून तेथे सायनाइड गट बसवला. बिसऑक्साझोलीन जातीचाच लिगँड घेऊन त्यांनी काही उदाहरणांत जवळजवळ शुद्ध एका हाताचे रेणू मिळवले. येथे श्रमविभागणी स्पष्ट आहे. हायड्रोजन उचलण्याचे काम नायट्रोजनाचा मूलक करतो, आणि म्हणून ‘कोठे’ हे मुख्यतः तो ठरवतो. हात ठरवण्याचे काम तांबे आणि लिगँड यांचे. लिगँडच सर्व काही ठरवतो, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे होईल. तो काय ठरवतो आणि काय ठरवत नाही, याची नेमकी वाटणी सांगता येणे हेच १९५८ पासून २०१६ पर्यंतच्या प्रवासाचे फलित आहे.

५

निसर्गाने हे सर्व फार आधी साधलेले आहे, आणि त्याची उदाहरणे पालघरच्या स्वयंपाकघरात आणि कोळीवाड्यात सापडतात. वांगे कापून ठेवले की फोड काळी पडते. तेथे एक विकर काम करते. त्यात तांब्याचे दोन अणू असून प्रत्येकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे तीन नायट्रोजन धरून असतात. हवेतील ऑक्सिजन या दोन अणूंमध्ये अडकतो आणि फिनॉलजातीच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण होते. याच कुळातील टायरोसिनेझ हे विकर फिनॉलच्या कड्यावरील, ऑक्सिजनच्या नेमक्या शेजारचा, कार्बन-हायड्रोजन बंध बदलते. दुसऱ्या कोणत्याही बंधाला ते हात लावत नाही.

आता खेकडा किंवा कोळंबी घ्या. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोसायनिन असते आणि ऑक्सिजन घेतल्यावर ते निळे होते. त्यातही तांब्याचे दोन अणू, आणि प्रत्येकाला तीन हिस्टिडीनांची तीच पकड. तरीही खेकड्याच्या रक्तात ऑक्सिजन कोणताही बंध मोडत नाही. तो फक्त वाहून नेला जातो आणि जेथे हवा तेथे सोडला जातो. फरक जवळच्या पकडीत नाही. तो त्या पकडीभोवतीच्या प्रथिनात आहे. वांग्याच्या विकरात बाहेरच्या रेणूला तांब्यापर्यंत येण्याची वाट मोकळी आहे; खेकड्याच्या प्रथिनात ती अडवलेली आहे. म्हणजे सोबतीचेही थर असतात. पहिल्या वर्तुळातील सोबती सारखे असले, तरी त्यांच्या पलीकडची माणसे कोण आहेत यावर वर्तन अवलंबून राहते.

हे समजून घेण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी प्रथिन बाजूला ठेवून लहान लिगँडांनी तांब्याची पकड नक्कल केली. केनेथ कार्लिन यांच्या गटाने १९८४ मध्ये असे एक संयुग केले की त्यातील तांब्याने ऑक्सिजन घेऊन चक्क आपल्याच लिगँडच्या कड्यावरील कार्बन-हायड्रोजन बंधावर हल्ला केला. सोबत्याचाच बळी गेला. परंतु टायरोसिनेझचे काम प्रथिनाशिवाय करता येते हे त्यातून दिसले. १९८८ मध्ये त्याच गटाने चार नायट्रोजनांचा लिगँड वापरून तांबे-ऑक्सिजन संयुगाचा स्फटिक मिळवला. त्यात ऑक्सिजनची जोडी दोन तांब्यांमध्ये टोकाटोकाने लावलेली होती. पुढच्याच वर्षी किताजिमा यांनी तीन नायट्रोजनांचा लिगँड वापरला, तर तीच जोडी दोन तांब्यांमध्ये आडवी पडलेली आढळली. पुढे प्रत्यक्ष हिमोसायनिनमध्येही ही आडवी रचना दिसून आली. चाराच्या जागी तीन हात, एवढ्याने ऑक्सिजनची बसण्याची ढब बदलली.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. कार्लिन यांच्याकडे संशोधन केलेले देबब्रत मैती यांचा तांबे-ऑक्सिजन संयुगांकडून होणाऱ्या कार्बन-हायड्रोजन बंधाच्या ऑक्सिडीकरणावरील निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ते बुकवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत होते आणि पुढे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आले. तेथील त्यांचे काम मुख्यतः पॅलेडियमच्या साहाय्याने दूरच्या कार्बन-हायड्रोजन बंधांना नेमके गाठण्याचे आहे. २०२२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. धातू बदलला तरी प्रश्न तोच राहिला : अनेक दारांपैकी एकच दार कसे गाठायचे.

६

या सर्वांचा तारापूरशी संबंध काय, असे विचारले जाईल. तेथील सगळ्या भट्ट्यांत तांबे आणि बिसऑक्साझोलीन असते असा आमचा दावा नाही. रसायन उद्योगाचा मोठा भाग अजूनही नायट्रेशन, क्लोरिनेशन, सल्फोनेशन अशा जुन्या प्रक्रियांवर चालतो. त्याही कार्बन-हायड्रोजन बंधाच्याच अभिक्रिया आहेत. फक्त त्यांत सोबत्याला फारसा वाव नाही. संबंध येतो तो कचऱ्याच्या हिशेबात.

रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला : एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा होतो? तेलशुद्धीकरणात तो एक दशांश किलोच्या आत असतो. सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास किलो आणि औषधांत पंचवीस ते शंभर किलोपर्यंत जातो. म्हणजे रेणू जितका नाजूक आणि मोलाचा, तितका त्यामागचा ढीग मोठा. या ढिगात द्रावके आणि क्षार यांचा वाटा मोठा असतो हे खरे. परंतु हवा तो बंध गाठण्यासाठी आधी हॅलोजन बसवायचा, मग काढायचा, चुकीच्या हाताचा अर्धा माल वेगळा करायचा, या प्रत्येक पायरीला द्रावक लागते आणि क्षार उरतो. निवडक अभिक्रिया पायऱ्या कमी करते, आणि कचरा प्रामुख्याने पायऱ्यांतून येतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साठी केलेल्या औद्योगिक क्षेत्रांच्या मूल्यांकनात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. देशातील शंभर क्षेत्रांत प्रदूषणाच्या बाबतीत ते सर्वांत वरचे स्थान होते. हे गुण रसायन, कापड, पोलाद अशा सर्वांचे मिळून आहेत. त्याआधी, २०१६ मध्ये, किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या बाजूने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. ज्यांच्या जाळ्यात तांब्याच्या रक्ताचे खेकडे आणि कोळंबी येतात, त्यांनीच हा प्रश्न न्यायपीठापुढे नेला.

येथे लिगँडच्या गौरवाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. सांडपाण्यात विरघळलेले तांबे काढण्याची नेहमीची रीत म्हणजे पाणी अल्कधर्मी करून तांब्याचा साका खाली बसवणे. परंतु तांब्याला घट्ट धरणारा लिगँड पाण्यात असेल, तर तो भट्टीत जसा धरून होता तसाच गटारातही धरून राहतो, आणि साका नीट बसत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील स्वीकार्य प्रमाण लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. खेकड्याला जगण्यासाठी तांबे लागते, आणि जास्त झाले की तेच त्याला मारते. म्हणून ‘कोणता लिगँड वापरला’ या प्रश्नाला जोडून ‘काम झाल्यावर त्याचे काय केले’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. प्रयोगशाळेच्या निबंधात पहिल्याचे उत्तर तक्त्यांसह मिळते. दुसऱ्याला तेथे क्वचित जागा असते.

आमच्या मते या इतिहासाचा अर्थ असा. रसायनशास्त्राने प्रथम धातूला कर्ता मानले, कारण धातू दिसत होता, वजन करता येत होता आणि त्याचे नाव जुने होते. नंतर धातूला धरणाऱ्यांचे काम ओळखले गेले, कारण निवड हवी असेल तर त्यांच्याशिवाय चालेना. विस्ताराची पुढची पायरी अजून अपुरी आहे. तांबे, त्याचा लिगँड, त्या लिगँडभोवतीचे द्रावक, ते द्रावक वाहून नेणारी नाली आणि त्या नालीच्या तोंडाशी असलेली खाडी, हे सर्व एकाच अभिक्रियेचे घटक आहेत. समीकरणाच्या उजव्या बाजूला आपण फक्त मालाचे नाव लिहितो आणि बाकीचे सोडून देतो. साहित्याच्या इतिहासात वगळलेल्यांची नावे परत आणण्याचे काम आपण काही दशके करत आलो आहोत. रसायनाच्या समीकरणातही उरलेले पदार्थ पूर्ण लिहिण्याचा आग्रह धरावा, आणि तो धरताना मासवणला उचललेल्या पाण्याची पुढची वाट डोळ्यांपुढे ठेवावी.